संगीत समीक्षकाचे कागद आवरताय? आधी या चुका टाळा

आयुष्यभर संगीतावर लिहिलेला आणि सोबत एखादी कलासंस्था किंवा महोत्सवही सांभाळलेला माणूस गेला की मागे खोकेच्या खोके उरतात, आणि घरच्यांच्या किंवा मदतीला आलेल्या मंडळींच्या मनात पहिलं हेच येतं की चला, आधी नीट लावून घेऊ. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पत्रं एका गठ्ठ्यात, कार्यक्रमपत्रिका दुसऱ्यात, कात्रणं तिसऱ्यात असं लावलं की दिसायला छान दिसतं पण कुठला कागद कशाच्या शेजारी होता हे कायमचं पुसलं जातं.

समजा एका फाइलमध्ये मैफलीचं निमंत्रण आहे, अंधारात समासात खरडलेल्या नोंदींची कार्यक्रमपत्रिका आहे, परीक्षणाचा कच्चा खर्डा, छापून आलेलं कात्रण, कलाकाराचं रागावलेलं पत्र, आणि त्याच्याच खाली त्या कलाकाराला पुढच्या मोसमात बोलवायचं की नाही यावरच्या मीटिंगचे मिनिट्स. हे सगळं एकत्र असेल तरच कळतं की टीका केलेल्या कलाकाराशी हा माणूस पदावर बसून कसा वागला. इंग्लंडच्या विल्यम ग्लॉक यांचंच बघा ना, आधी ऑब्झर्वर या वृत्तपत्राचे संगीत समीक्षक, मग 1949 मध्ये स्वतःचं संगीताचं नियतकालिक सुरू केलं आणि 1959 ते 1972 बीबीसीचे संगीत विभागप्रमुख. अशा माणसातला लेखक आणि प्रशासक एकमेकांशी काय बोलत होते ते सुट्ट्या कागदांवरून नाही समजत, माझ्या मते अशा संग्रहाचा जीव त्या शेजारातच असतो.

अर्काइव्हच्या, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थांच्या जगात हे फार पूर्वी ठरलंय. एका माणसाचे किंवा संस्थेचे कागद दुसऱ्यांच्यात मिसळायचे नाहीत हा नियम फ्रान्समध्ये 1841 साली आला, आणि मूळ क्रम मोडायचा नाही हा प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात 1881 साली. म्हणून हात लावायच्या आधी प्रत्येक खोक्याचे, कपाटाचे फोटो काढा, खोक्याला आणि फाइलला नंबर द्या (पेन्सिलनेच, पेनने कधीच नाही) आणि मगच यादी करा.

आणि आधीच कोणीतरी लावून ठेवलं असेल तर? घाबरू नका पण अंदाजाने परत जुळवायलाही बसू नका. पिनांचे गंजाचे डाग, पंचची भोकं, सारख्या घड्या, पाण्याचा एकसारखा डाग यावरून कुठले कागद एकत्र होते ते बऱ्यापैकी कळतं, डायरी असेल तर तारखाही जुळतात. पण जुळणी यादीत लिहा, कागद हलवू नका, कारण तुमचा अंदाज चुकला तर पुढच्याला तो दुरुस्त करता आला पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे "ऑफिसचे रटाळ कागद" टाकून देणं. मानधनाचे आकडे, नाकारलेले प्रस्ताव, बजेटचे तीन-तीन खर्डे, हे वाचायला कंटाळवाणे आहेत खरे, पण कुठलं संगीत लोकांपर्यंत पोचलं आणि कुठलं नाही याचं उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं. डुप्लिकेट म्हणून कार्यक्रमपत्रिका फेकण्याआधी दोन्ही प्रती पानन् पान बघा, एकीवर नोंदी असू शकतात. पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉपी तर जपाच, नाहीतर फक्त आलेली पत्रं उरतात आणि या माणसाचं उत्तर दुसऱ्याच कोणाच्या खोक्यात शोधत बसावं लागतं. फक्त पदावर असतानाचे काही कागद संस्थेच्या मालकीचे असू शकतात, तेव्हा दान करण्याआधी लेखी विचारून घ्या.

आता कागद सांभाळण्याचं. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. फाटलेलं चिकटपट्टीने जोडू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. फॅक्सचा चकचकीत कागद उष्णतेने आणि उजेडाने पुसट होतो, त्याची कॉपी सगळ्यात आधी काढा. वर्तमानपत्राच्या कात्रणांचं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतं, मध्ये आम्लमुक्त कागद ठेवा, कात्रण बाहेर काढून दुसरीकडे नेऊ नका. पीव्हीसी प्लास्टिकचे फोल्डर नकोत. पांढरे हातमोजेही कागदासाठी लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात बरे, हातमोजे फोटोंसाठी.

मुलाखतींच्या टेप सापडल्या की "बघू चालतंय का" म्हणून लगेच प्ले दाबायचा मोह होतो, तो आवरा. जुन्या टेपला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर टेपचं अॅसिटेट हे प्लास्टिक कुजतंय, ती बाकीच्यांपासून लांब ठेवा. 1970-80 च्या दशकातल्या काही टेप दमट होऊन चिकट होतात आणि वाजवल्या तर वरचा थरच निघून येतो, हे काम जाणकारांकडेच द्यायचं. कॅसेट असेल तर वरच्या कडेच्या दोन टोकांना असलेले छोटे प्लास्टिकचे टॅब मोडून टाका म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. फ्लॉपीही रीड-ओन्ली करूनच लावा, फाइल उघडून सेव्ह केली की तारीख बदलते आणि खर्डा कधीचा होता हे कळायचा एक पुरावा जातो.

नाजूक मजकुराबद्दल दोन टोकं दिसतात, एकतर जाळून टाकतात नाहीतर स्कॅन करून सगळं नेटवर टाकतात. पत्राचा कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा, आणि बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार तो साधारणपणे मृत्यूनंतर किमान 50 वर्षं टिकतो, बऱ्याच देशांत 70. निवड समितीतली मतं, कोणाच्या आजाराचा उल्लेख असं काही असेल तर ते काढून टाकू नका, अमुक वर्षं बंद ठेवायची अट अर्काइव्हशी लेखी ठरवा.

आणि या संग्रहावर अभ्यास करणाऱ्यांनो, छापील कार्यक्रमपत्रिका म्हणजे प्रत्यक्षात काय झालं याचा पुरावा नाही, कलाकार आजारी पडतो, ऐनवेळी रचना बदलते, त्यामुळे हाताने केलेली खाडाखोड आणि परीक्षण दोन्ही ताडून बघा. कात्रणावरची तारीख छापल्याची असते, मैफलीची नाही. परीक्षणाखाली नाव नसेल तर समीक्षकाच्या खोक्यात सापडलं म्हणून ते त्याचंच समजू नका, खर्डा किंवा मानधनाची नोंद शोधा. आणि प्रत्येक नोंदीसोबत खोक्याचा आणि फाइलचा नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या, घरी येऊन आठवत नाही.