फॉस्फेट मधे कुठे थांबला? जीवरसायनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी बारावीत होते. बाबा पऱ्हाटीवर फवारा मारून आले आणि ओसरीतच बसले. अंगातून घामाच्या धारा, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "दिसून नाही राह्यलं वं बाई," एवढंच बोलले. शेजाऱ्यांच्या गाडीतून तालुक्याला नेलं. तिथे अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं, आणि सोबत दुसरं एक औषध, प्रॅलिडॉक्सिम. बाबा वाचले. पुढे २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा ती संध्याकाळ पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्या दुसऱ्या औषधाचं काम मला नागपूरला एमएस्सी करताना कळलं. मज्जातंतूंच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. एरवी त्याच्या सेरीन या अमिनो आम्लावर अ‍ॅसिटिल गट चिकटतो आणि पाणी त्याला मिलिसेकंदाच्या आत सोडवून नेतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक त्याच सेरीनवर फॉस्फेटचा गट बसवतं. तो पाण्याला लवकर सोडवता येत नाही, म्हणून विकर अडकून पडतं. प्रॅलिडॉक्सिम त्या फॉस्फरसवर हल्ला करून सेरीन मोकळं करतं. पण उशीर झाला आणि फॉस्फेटवरची एक अल्किल (कार्बन-हायड्रोजनची) शाखा गळून पडली, की या औषधाचाही उपयोग होत नाही. अ‍ॅट्रोपिन लक्षणं आवरतं, विकर दुरुस्त करत नाही.

म्हणून फॉस्फेटची विकरं शिकायला बसलात की आधी एवढंच विचारा: फॉस्फेट एका रेणूवरून दुसऱ्यावर थेट गेला, की मधे विकराच्या अंगावर मुक्काम केला? तो मुक्काम म्हणजे इंटरमीडिएट. हेक्झोकायनेज या विकरात एटीपीवरून (पेशीतला फॉस्फेट देणारा रेणू) ग्लुकोजवर थेट उडी असते. अल्कलाइन फॉस्फटेज फॉस्फेटला सेरीनवर घेतं (ई. कोलायमध्ये १०२ क्रमांकाचं), न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेज हिस्टिडीनवर, तर सोडियम-पोटॅशियम पंप अ‍ॅस्पार्टेटवर; हीही अमिनो आम्लंच. ही चार नीट आली की बाकीची ओळखीची वाटू लागतात. विकराची मदत मिळाली नाही तर काय होतं, तेही ध्यानात ठेवा: साधा फॉस्फेट मोनोएस्टर (एकाच कार्बनी गटाला जोडलेला फॉस्फेट) २५ अंशांच्या पाण्यात नुसता ठेवला, तर त्यातला अर्धा तुटायला सुमारे १० चा १२ वा घात इतकी वर्षं लागतील.

मुक्काम झाला हे ओळखायचं कसं, यातच या विषयाची खरी गोडी आहे. १९७८ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ जेरेमी नोल्स यांच्या गटाने ऑक्सिजनची १६, १७ आणि १८ ही तिन्ही समस्थानिकं एकाच फॉस्फेटवर बसवली, म्हणजे त्या फॉस्फेटला डावं-उजवं आलं. प्रत्येक हस्तांतरात ही रचना उलटते. सदरा एकदा उलटा केला तर उलटाच राहतो, दोनदा केला की पुन्हा सुलटा होतो. हेक्झोकायनेजमध्ये रचना उलटलेली मिळाली, म्हणजे हस्तांतर एकदाच झालं. अल्कलाइन फॉस्फटेजमध्ये ती जशीच्या तशी मिळाली, म्हणजे दोनदा. नुसतं पाठ करू नका. कागदावर चार ऑक्सिजन काढून स्वतः उलटवून बघा, मला तेव्हाच कळलं.

इंटरमीडिएट आणि ट्रान्झिशन स्टेट (बंध तुटता-जुळतानाची क्षणिक अवस्था) यांची गल्लत परीक्षेत सगळ्यात जास्त होते. एक मुक्काम आहे, दुसरा घाटमाथा, जिथे थांबायला जागाच नसते. २००३ मध्ये बीटा-फॉस्फोग्लुकोम्युटेज या विकराच्या स्फटिकात पाच बंधांचा फॉस्फरस, म्हणजे इंटरमीडिएटच, दिसल्याचं प्रसिद्ध झालं. त्यावर वाद झाला आणि नंतर फ्लुओरिनच्या एनएमआरने (चुंबकक्षेत्रात अणू ओळखायची पद्धत) दाखवलं, की तो मॅग्नेशियम फ्लुओराइड होता, ट्रान्झिशन स्टेटची नक्कल करणारा. या वादाची दोन्ही बाजूंची मांडणी वाचाच.

प्रयोगशाळेतलं एक सांगते, कारण यात माझे तीन आठवडे गेले. न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेजवर मी किरणोत्सारी फॉस्फरस चढवायची, आणि प्रथिनं वेगळी करायचं जेल नेहमीसारखं अ‍ॅसिटिक आम्लात फिक्स करायची. किरणोत्सार टिपणारी फिल्म कोरीच. विकर मेलं म्हणून मी ते पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. दोष आम्लाचा होता. हिस्टिडीनवरचा फॉस्फेट आम्लात गळतो आणि अल्कलीत टिकतो. अ‍ॅस्पार्टेटवरचा त्याच्या उलट, आम्लात बराच टिकतो, अल्कलीत तुटतो. सेरीनवरचा आम्लात टिकतो. फॉस्फेट कुणाच्या अंगावर आहे हे ठरवूनच प्रयोग थांबवायचं रसायन निवडा.

तालुक्याच्या कॉलेजात महागडी यंत्रं नसतात, ती लागतही नाहीत. विभागाकडून पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट (फॉस्फेट सुटला की पिवळं होणारं रसायन) मागवून घ्या आणि घरून गायीचं कच्चं दूध आणा. तीन नळ्यांत १० पीएचचं कार्बोनेट बफर आणि ते रसायन घाला. पहिलीत कच्चं दूध, दुसरीत उकळलेलं, तिसरीत कच्चं दूध आणि वर भरपूर सोडियम फॉस्फेट. तिन्ही ३७ अंशांवर ठेवा. तासाभराने पहिली पिवळी झालेली दिसेल. दुसरी पांढरीच राहील, उकळल्यावर तिच्यातलं फॉस्फटेज मोडलेलं असतं. तिसरीचा पिवळेपणा पहिलीच्या मागे पडेल, कारण फॉस्फेट विकराच्या त्याच खोबणीत येऊन जागा अडवतो.