झाडं ओळखण्याचा पेपर घेताय? आधी पानाचं बूड बघायला शिका

बॉटनीच्या एम.एस्सी.ला असताना झाडं ओळखण्याचा ऐच्छिक विषय मी घेतला होता. हा पेपर घ्यावा का आणि सर खरंच इतके कडक आहेत का, असं ज्युनियर अजून विचारतात. सर कडक आहेत. पेपर घ्या. पण त्याच सेमिस्टरला दुसरा जड विषय घेऊ नका. मी घेतला होता आणि डिसेंबरपर्यंत माझी झोप पार गेली होती.

सरांबद्दल आमच्या वर्गात दोन तट होते. निम्मी मुलं म्हणायची, हा माणूस मार्क द्यायला बसलेलाच नाही. परीक्षेत तीस स्पॉट, म्हणजे टेबलावर ठेवलेले ओळखायचे नमुने, प्रत्येकाला एक मिनिट, घंटा वाजली की पुढचं टेबल. शेवटच्या काही स्पॉटना पानच नसायचं, नुसता सालीचा तुकडा किंवा वाळलेलं फळ. एका मैत्रिणीने विषयच बदलला आणि मला तिचं चुकलं असं वाटत नाही. उरलेली मुलं म्हणायची, सर टेकडीवर वेगळे असतात. तेही खरं. वर्गात एका शब्दावरून झापणारे सर ताम्हिणीत एका झाडाखाली अर्धा तास आमच्यासोबत उकिडवे बसायचे. पण उत्तर कधीच सांगायचे नाहीत. मला त्याचा तेव्हा फार राग यायचा.

आता मी कुठे अडकले ते नीट सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी तिथेच अडकतं.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, पळसाला पानं किती? आम्ही एका सुरात म्हणालो, तीन. ते म्हणाले, एक. आम्ही हसलो, मीही वहीत लिहून घेतलं आणि विसरले. ऑगस्टमध्ये घाटातून हर्बेरियम शीटसाठी, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवायला, नमुने आणले. एक मोठं, लांबट, चिवट पान मला अनोळखी वाटलं म्हणून तेवढंच तोडून आणलं. दाबलं, वाळवलं, चिकटवलं. मग दोन आठवडे साध्या पानांच्या झाडांमध्ये ते शोधत बसले. शीट परत आली, त्यावर लाल शाईत एवढंच होतं: 'याचं बूड कुठे आहे?' ते कुसुम नावाच्या झाडाचं होतं. म्हणजे पान नव्हतंच, कुसुमाच्या संयुक्त पानातली एक पर्णिका होती. संयुक्त पान म्हणजे एकाच देठावर पानासारखे अनेक भाग असलेलं पान, आणि त्यातला एकेक भाग म्हणजे पर्णिका.

म्हणून सांगते, आणि हे दोनदा वाचा. पान कुठे सुरू होतं हे आकारावरून ठरत नाही, कळीवरून ठरतं. देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात बारीक कळी असते. जिथे कळी, तिथून वर जे काही आहे ते एक पान. पर्णिकेच्या बेचक्यात कळी कधीच नसते. पळसाच्या तीन पर्णिकांशी शोधा, सापडणार नाही. खाली जाड देठ फांदीला जोडलाय तिथे सापडेल. काटेसावरीच्या पाच-सात 'बोटांचं'ही तेच.

हे पक्कं झालं असं वाटेपर्यंत आवळा येतो. आवळ्याची डहाळी बघा, हुबेहूब चिंचेसारखं संयुक्त पान वाटतं. पानगळीत ती अख्खी डहाळीच गळते, त्यामुळे खात्रीच पटते. पण ती बारीक पानं प्रत्येकी स्वतंत्र, साधी पानं आहेत. फुलं कुठे येतात बघा: त्या बारीक पानांच्या बेचक्यात. संयुक्त पानाच्या मधल्या दांड्यावर पर्णिकांच्या बगलेत फुलं येत नाहीत. परीक्षेत मी नाव बरोबर लिहिलं, पुढे 'संयुक्त पान' लिहिलं आणि त्या स्पॉटचे सगळे मार्क गेले. कुसुमाची शीट परत आल्यावरही हे झालं. कारण मी आवळा 'ओळखत' होते, म्हणून बघितलाच नाही.

झाडं ओळखणाऱ्या ॲपबद्दल माझं मत ठाम आहे: पहिले दोन महिने फोन पिशवीत ठेवा. पानाचा फोटो काढून नाव मिळतं, पण कळी कुठे होती हे तुम्ही बघितलेलं नसतं. आणि फेब्रुवारीत मोईचं निष्पर्ण खोड समोर आलं की फोटो कशाचा काढणार? सीनियरच्या नोट्सही तशाच. 'ऐन म्हणजे मगरीच्या पाठीसारखी साल' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण कोवळ्या ऐनाची साल तशी नसते. त्यापेक्षा पान उलटं करून मधल्या शिरेवर बुडाजवळच्या ग्रंथी बघा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ताम्हिणीजवळच्या एका गावातल्या आजींनी. त्या साल नखाने खरवडून वास घ्यायच्या आणि नाव सांगायच्या. असं कुणी भेटलं तर वही मिटा आणि ऐका. फक्त गावातलं नाव आणि नमुना दोन्ही जवळ ठेवा, कारण ऐनालाच दुसरीकडे सादडा म्हणतात.

शास्त्रीय नावांचं ओझं वाटेल, त्याला घाबरू नका. कुकचा फ्लोरा, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद असलेला ग्रंथ, १९०१ ते १९०८ मधला आहे. त्यात ऐन टर्मिनॅलिया टोमेंटोसा आहे, आज इलिप्टिका लिहितात. धावडा तर २०१७ मध्ये ॲनोजिसस ही प्रजाती (genus) सोडून टर्मिनॅलियात गेला. सर जुनं-नवं दोन्ही चालवून घेतात, स्पेलिंगची चूक मात्र नाही.

आणि सुरुवातीला सगळं हिरवंच दिसतं, ते साहजिक आहे. मला सप्टेंबरच्या शेवटापर्यंत हिरडा आणि बेहडा वेगळे दिसत नव्हते. मग एक दिवस दिसले.

पहिल्या फेरीला दहा झाडंच घ्या. पान तोडू नका, कळीसकट छोटी फांदी घ्या. तीही सरांनी परवानगी दिलेल्या जागेतूनच. बिब्बा मात्र दुरूनच ओळखायला शिका, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. आमच्यातल्या एकाने फांदी हाताने मोडली होती, तो पुढचा आठवडा पेन धरू शकला नाही.