छोटं केटल ग्रिल वापरायचं असेल तर आधी आजीचा बंब आठवा

साडेचौदा इंची केटल ग्रिल, म्हणजे कोळशावर चालणारं गोल, झाकणाचं ग्रिल, घेतल्यापासून आता चौथा हिवाळा चालू आहे आणि आमच्या गच्चीवर येऊन जे जे जेवून गेले त्यातल्या निम्म्या लोकांनी पुढे तसलंच ग्रिल घेतलं आणि मग त्यांचे फोन, अगं बाहेरून कोळसा होतोय आणि आतून कच्चं राहतंय, काय चुकतंय. सगळ्यांचं तेच चुकतं. माझंही चुकलं होतं. पहिल्या दिवशी मी जवळजवळ दोन किलो कोळसा ओतला, पेटवला, झाकण बाजूला ठेवून दिलं आणि वर चिकनच्या बारा तंगड्या. दहा मिनिटांत बाहेरून काळ्याकुट्ट आणि हाडाशी चक्क गुलाबी. दीर म्हणाला वहिनी छान झालंय, अंधारात खाऊया. शेवटी सगळं कुकरमध्ये घालून दोन शिट्ट्या काढल्या आणि रस्सा केला.

तर मुद्दा असा की ही छोटी ग्रिलं आकाराने लहान म्हणून सोपी वाटतात पण मोठ्या बावीस इंचीपेक्षा जास्त नखरे करतात, कारण कोळसा आणि जाळी यांच्यात अंतर अगदी थोडं असतं. एक मूठ कोळसा जास्त झाला तरी फरक पडतो. म्हणून कोळसा कमी, तोही अर्ध्याच भागात, आणि झाकण लावून. बाकी सगळं या तीन गोष्टींचाच पसारा आहे.

झाकणाचं सांगते. हे गोल ग्रिल ज्याने काढलं तो जॉर्ज स्टीफन शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता, तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे, आणि उघड्या शेगडीवर वाऱ्याने राख उडते, पाऊस पडतो याला वैतागून त्याने 1952 मध्ये असला एक गोळा मधोमध कापून खाली भांडं आणि वर झाकण केलं. म्हणजे झाकण हेच या ग्रिलचं कारण आहे, आणि आपण ते काढून भिंतीला टेकवून ठेवतो. झाकण काढलंत तर तुमच्याकडे नुसती महागाची शेगडी आहे. कणीसवाला उघड्या शेगडीला सारखा पंखा मारत बसतो ना, तेच काम इथे झाकण आणि दोन झरोके (एक भांड्याच्या तळाला, एक झाकणात) मिळून करतात, आपण फक्त किती उघडं ठेवायचं ते ठरवायचं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, आजीच्या बंबावरून कळलं. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत वरून ढलप्या आणि कोळसा टाकायचा, खाली राखेसाठी उघडी जागा. खालची राख काढली नाही की बंब रुसायचा, नुसता धूर. राख काढली की भडभड पेटायचा. केटलचंही अगदी तेच आहे, खालच्या झरोक्यातून हवा आत येते, वरच्यातून गरम हवा बाहेर जाते. मी वरचा झरोका जवळपास कायम पूर्ण उघडा ठेवते आणि आच कमीजास्त करायची ती खालच्याने. खालचा पूर्ण उघडा म्हणजे जोरात, अर्धा म्हणजे मध्यम, बोटभर फट म्हणजे मंद. एक लक्षात ठेवायचं, फिरवल्या फिरवल्या गॅससारखा फरक दिसत नाही, पाच सात मिनिटं जाऊ द्या. लोक अधीर होतात, परत फिरवतात, परत झाकण उचलून बघतात, आणि झाकण उचललं की ढीगभर हवा आत जाते आणि कोळसा अजून भडकतो.

आता कोळसा. लाकडी कोळसाच घ्यायचा, दगडी कोळसा अजिबात नाही, त्याचा धूर अन्नाला लागू देण्यासारखा नाही. वखारीत गेलात तर पोत्यात हात घालून दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, चांगला कोळसा हलका असतो आणि खणखण वाजतो. जड लागला, मधे तपकिरी दिसला तर तो अर्धवट जळलेला आहे, खूप धूर करणार. पोत्याच्या तळाचा चुरा नको, तो जाळीतून खाली पडून झरोका बुजवतो. लिंबाएवढे ते अंड्याएवढे तुकडे आपल्या छोट्या ग्रिलला बेस्ट, मोठे असतील तर पोत्यातच गुंडाळून बत्त्याने फोडा (हे गच्चीवर करा, घरात केलंत तर पुढचे आठ दिवस फरशी पुसत बसाल). करवंटीच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या, पण मिळतात, पेटायला आळशी पण एकदा पेटल्या की एकसारख्या आणि बराच वेळ जळतात, धूर कमी, सोसायटीत शेजारी कटकटे असतील तर ह्याच घ्या. पावसाळ्यात कोळसा हवेतली ओल ओढून घेतो आणि मग फटफट उडतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. गटारीला ऐनवेळी ओला कोळसा घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत, त्यातली एक मीच.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल, थिनर काही नको, वास शेवटच्या घासापर्यंत जात नाही. चिमनी स्टार्टर (कोळसा पेटवायचा भोकाभोकांचा उभा डबा) घ्या किंवा जुना पत्र्याचा तुपाचा डबा घेऊन त्याच्या बुडाला आणि खालच्या कडेला खिळ्याने भरपूर भोकं पाडा, झालं. जस्ताचा मुलामा असलेला डबा किंवा बादली मात्र वापरू नका, तापल्यावर त्याची वाफ वाईट असते. ग्रिलमध्ये खाली पेपरचे दोन बोळे, त्यावर चमचाभर खायचं तेल, तेलामुळे पेपर हळू जळतो, वर कोळशाने भरलेला डबा, आणि काडी लावून दूर व्हायचं. फुंकायचं नाही. पुन्हा बंबच, खालून हवा शिरते वरून निघते. पंधरा वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडा राखाडी झाल्या की सांडशी आणि जाड हातमोजा घालून ओता. माझ्या ग्रिलला सहाशे सातशे ग्रॅम कोळसा सहा तंगड्यांना पुरतो, चार माणसांच्या पनीरला त्याहून कमी.

ओतायचा तो एका बाजूलाच. अर्धी बाजू निखारे, अर्धी बाजू पूर्ण रिकामी. लोकांना हे पटत नाही, आधीच एवढंसं ग्रिल आणि त्यात अर्धं रिकामं सोडायचं, पण ही रिकामी बाजू म्हणजेच तुमचा ओव्हन. झाकण असं लावा की वरचा झरोका रिकाम्या बाजूवर येईल, मग निखाऱ्याचा धूर आणि गरम हवा पदार्थावरून जाऊनच बाहेर पडते. झाकण लावून पाच सात मिनिटं जाळी तापू द्या, तारेच्या ब्रशने घासा, तार तुटून जाळीत राहिली नाही ना ते बघा, आणि डोशाच्या तव्याला करतो तसं अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून जाळीवरून फिरवा. आच बघायला जाळीच्या चार पाच इंच वर तळहात धरा, दोन तीन सेकंदांत काढावासा वाटला तर जोरात, चार पाच सेकंद टिकला तर मध्यम, आठ दहा सेकंद टिकला तर मंद.

तंगडीचं सविस्तर सांगते कारण सगळ्यांना तीच हवी असते. दही फडक्यात टांगून पाणी काढलेलं, आलं लसूण, काश्मिरी तिखट, मीठ, थोडं मोहरीचं तेल, लिंबू. तंगडीला हाडापर्यंत दोन तीन चिरा, फ्रिजमध्ये चार पाच तास. साखर मध काही घालायचं असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत, आधी घातलं की जळतं. जास्तीचं दही पुसून काढा नाहीतर जाळीला चिकटेल. रिकाम्या बाजूला मांडायच्या, जाडा भाग निखाऱ्याकडे, खालचा झरोका अर्धा, झाकण लावून पंचवीस ते तीस मिनिटं, मधे एकदाच उलटायच्या. त्यानंतर निखाऱ्याच्या बाजूला घेऊन एकेका अंगाला मिनिट दोन मिनिट, तो काळपट डाग इथे पडतो, आधी नाही. चरबी गळून ज्वाळा आली तर पाणी मारू नका, राख उडून चिकनवर बसते, तंगडी बाजूला सरकवा आणि झाकण लावा, हवा तुटली की ज्वाळा बसते. एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्याच, हाडाजवळच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 डिग्री दाखवला की झालं. रंगावर जाऊ नका, तिखटाने सगळंच लाल दिसतं.

मासा करायचा तर अख्खं पापलेट. नीट कोरडं पुसून तेल लावून तापलेल्या जाळीवर ठेवलं की हात लावायचा नाही, कातडी स्वतःहून सुटेपर्यंत. ओढून काढलंत तर अर्धा मासा जाळीचा.

पनीरला झाकण नको, निखाऱ्यावरच पाच सहा मिनिटांत होतं, तुकडे जाड कापा आणि दोन समांतर काड्यांना टोचा म्हणजे फिरवताना गरगरत नाहीत. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात. कणीस सालासकट भिजवून रिकाम्या बाजूला पंधरा वीस मिनिटं, मग सोलून निखाऱ्यावर. सिंहगडावर मिळतं तशी चव हवी असेल तर देशी मका घ्या, स्वीटकॉर्नला ती मजा नाही, हे माझं मत आहे आणि त्यावर घरात भांडणं झालेली आहेत.

वांग्याला मात्र मी या ग्रिलवरचा राजा म्हणते. थंडीत जळगावची हिरवी भरताची वांगी येतात ती, तेलाचा हात, काट्याने चार ठिकाणी टोचलेली (नाहीतर फुटतात), थेट निखाऱ्यावर, झाकण लावून वीस पंचवीस मिनिटं, मधे मधे फिरवत. शेजारी हिरव्या मिरच्या आणि लसणाचा अख्खा गड्डा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला साल जळल्याचा वास येतो, इथे गरापर्यंत धूर पोचतो. अजून धूर हवा तर निखाऱ्यावर करवंटीचा एक तुकडा किंवा पेरूच्या वाळलेल्या फांदीचं बोटभर लाकूड टाका. एकच. जास्त झालं की कडू लागतं.

आमच्या सासूबाई शाकाहारी, तेव्हा घरात दोन जाळ्या आहेत आणि चिमटेही दोन. आधी त्यांचं वांगं, पनीर, कणीस, मग जाळी बदलायची आणि मग आमचं. तुमच्याकडेही असं कुणी असेल तर न विचारता हे करा, पार्टी शांततेत होते. गुरुवार शनिवार तसंही काही निघत नाही.

जागेचं गमतीत घेऊ नका. बंद बाल्कनीत, काचा लावलेल्या सिटआउटमध्ये, पार्किंगच्या कोपऱ्यात कोळसा पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. उघडी गच्चीच, कमिटीला आधी सांगून. टेबलटॉप म्हणून प्लास्टिकच्या टेबलवर ठेवू नका, चार विटा मांडा आणि त्यावर, गच्चीचं वॉटरप्रूफिंगही वाचतं. वारा असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. वाळत घातलेले कपडे कुणाचे आहेत ते आधी बघा (एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंची पैठणी होती, पुढचं विचारू नका).

झालं की दोन्ही झरोके बंद. पाणी ओतायचं नाही, वाफेने हात भाजतो आणि इनॅमल तडकतं. हवा नाही म्हणून निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी परत चालतो, नव्यात मिसळून. ही युक्ती आमच्या इस्त्रीवाल्या काकांकडे केव्हाची आहे, ते रात्री उरलेले निखारे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात आणि सकाळी तोच कोळसा. झरोके बंद करायच्या आधी रिकाम्या बाजूला रताळी सरकवा आणि खालची बोटभर फट तासभर तशीच राहू द्या, सालासकट शिजतात, साजूक तूप लावून खा.

राख दुसऱ्या दिवशी काढायची, वरून गार दिसते पण आत निखारा जिवंत असतो, ती कचरावाल्या ताईंच्या बादलीत तशीच टाकलीत तर प्लास्टिक पेटेल. आधी पत्र्याच्या डब्यात, मग कचऱ्यात, किंवा चिमूटभर कुंडीत. आणि भांड्यात राख तशीच ठेवून वर कव्हर घालून जूनमध्ये विसरलात तर राख ओल धरते आणि पत्रा तळापासून खातो, माझं पहिलं ग्रिल असंच गेलं.