मोठी ॲडव्हेंचर बाइक निवडताय? या चुका टाळा

लोक मला तुलनेचे तक्ते पाठवतात. पहिला रकाना हॉर्सपॉवरचा. डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४ ला १७०, बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसला १४५, म्हणजे मल्टिस्ट्राडा भारी, विषय संपला. सोलापूर-पुणे हायवेवर ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतात. तिथं वरचे पंचवीस घोडे कुठं पळवणार?

खरी फसगत वजनाच्या रकान्यात असते. जीएसचे २३७ किलो पेट्रोल धरून दिलेले असतात. मल्टिस्ट्राडा व्ही४ एसचे २३२ किलो पेट्रोल सोडून. तिची टाकी २२ लिटरची. लिटरला पाऊण किलो धरा, सोळा किलो वाढले. कागदावर हलकी असलेली गाडी पंपावरून निघाली की जड. वर पॅनियर म्हणजे बाजूच्या पेट्या, क्रॅशगार्ड आणि बायकोची बॅग आहेच.

आमच्या ग्रुपातल्या एकानं १५० सीसीवरून थेट जुनी जीएस १२५० ॲडव्हेंचर घेतली. ३० लिटरची टाकी, २६८ किलो. चार व्हिडिओ बघून घेतली, सांगितलेलं ऐकलं नाही. नळदुर्गाकडं पाऊस उघडल्यावर साहेब शॉर्टकट म्हणून शेताच्या वाटेला लागले. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी ठासून बसली की पुढचं चाक फिरायचंच थांबलं, अन् गाडी आडवी. बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर बाहेर असतात, त्यामुळं गाडी पूर्ण झोपत नाही, उचलायला सोपी, असं सांगतात. डांबरावर खरंय. इथं सिलिंडरच रुतला. तिघं जण हँडल धरून ओढतोय, बूट चिखलात राहतायत. बांधावरचे आजोबा म्हणाले, "मालक, बैल असता तर एव्हाना उठला असता."

हँडल धरून ओढायचं नसतंच. गाडी उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडा, गियर टाका, सीटकडं पाठ करून पायांच्या जोरावर रेटा. आणि घेण्याआधी इंजिन बंद करून ती चढावर मागं ढकलून बघा. मी प्रत्येक गाडीला हेच करतो, सेल्समन हसला तर हसू दे. ढकलता आली नाही तर पुढचे रकाने वाचूच नका.

सीटची उंची चप्पल घालून मोजू नका. ८५० मिलिमीटरचा आकडा सारखा असला तरी रुंद सीटवर पाय कमी टेकतात. आणि गाडी खाली बसवणारं लोअरिंग किट लावायचा उपाय मला सांगू नका, ग्राउंड क्लिअरन्सला, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या उंचीला, पैसे मोजून तोच कापायचा?

टेस्ट राइड डिसेंबरच्या सकाळी नको, एप्रिलच्या दुपारी घ्या. इंजिनाची धग तेव्हाच कळते. मल्टिस्ट्राडा सिग्नलला मागचे दोन सिलिंडर बंद करते ते उगाच नाही.

मागच्या चाकाला ताकद पोचवायला जीएस आणि ट्रायम्फ टायगर १२०० ला शाफ्ट (बंद नळीतला दांडा), मल्टिस्ट्राडा आणि होंडा आफ्रिका ट्विनला चेन. चेन वाईट नाही, आळशी मालक वाईट.

आफ्रिका ट्विनचं खडकाळ वाटेसाठीचं पुढचं २१ इंची चाक बघून भुलू नका. तुळजापूर-अक्कलकोटच करणार असाल तर १९ पुरतं.

व्ही४ चे व्हॉल्व्ह ६०,००० किलोमीटरला तपासायचे, हे वाचून लोक खूश होतात. ऑइल त्याच्या कितीतरी आधी बदलावं लागतं, आणि त्यासाठी जायचं ते पुणं सोलापूरहून अडीचशे किलोमीटर लांब आहे. तक्त्यात तो रकाना तुम्हालाच काढावा लागेल.