व्हीआर हेडसेट लावून सभाधीटपणा कसा आणावा

व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेट म्हणजे डोळ्यांवर लावायचा संच; त्यात खोटं सभागृह आणि श्रोते खरे असल्यासारखे समोर दिसतात. तो चार्ज करा, आजूबाजूच्या खुर्च्या सरकवा आणि उभ्यानेच बोला. महागडा संच नसेल तर मोबाइल, तो आत बसवायचा पुठ्ठ्याचा चष्मा आणि ३६० अंशांचा सभागृहाचा व्हिडिओ पुरतो. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवात पाच श्रोत्यांच्या खोलीपासून करा, भरलेलं सभागृह नंतर.

आता अवघड भाग. इंदूरच्या आमच्या मंडळात गणेशोत्सवाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, तेव्हा मी रोज सराव करायचो आणि छाती धडधडली की हेडसेट काढायचो. लगेच हायसं वाटायचं. पंधरा दिवसांत भीती उलट वाढली, कारण प्रत्येक वेळी मी मनाला हेच शिकवत होतो की पळालो म्हणून वाचलो. समोरची माणसं खोटी आहेत हे ठाऊक असूनही छाती धडधडतेच, म्हणून तर हा सराव उपयोगी पडतो. ती धडधड सुरू असतानाच बोलत राहायचं. मळमळलं किंवा गरगरलं तर मात्र हेडसेट लगेच काढा; तो बहुधा हेडसेटचा त्रास, भीतीचा नव्हे.

हेडसेट लावण्याआधी कागदावर लिहा: 'दुसऱ्या वाक्याला अडखळेन, पुढे बोलताच येणार नाही.' शेजारी भीतीला ० ते १०० मधला आकडा द्या. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. बोलून झाल्यावर कागद पुन्हा वाचा. अडखळलात, तरी पुढे बोललात ना? तेवढंच तपासा. आकडा उतरला नाही तरी सराव वाया गेलेला नसतो.

'समोर कोबीचे गड्डे बसलेत असं समजा' हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. माणसांची भीती माणसांकडे बघूनच जाते. हेडसेटमध्ये लपायच्या जागा भरपूर: छत, मागची भिंत, हातातला कागद. मी पूर्ण भाषण दाराकडे बघत केलं होतं आणि ते मला कळलंही नव्हतं. म्हणून हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवायची सोय असेल तर ती सुरू करा आणि घरातल्या कुणालातरी बघायला बसवा. तुमची मान कुठे वळते ते त्यांना तिथे दिसतं. एका चेहऱ्याकडे बघून एक वाक्य पूर्ण करा, मग दुसरा चेहरा.

एकच दृश्य सोपं वाटू लागलं की बदला.

त्याच आठवड्यात तेच भाषण घरच्या चौघांसमोर, हेडसेटशिवाय करा. इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात बोलायचं असेल तर आदल्या दिवशी परवानगी काढून तिथल्या रिकाम्या मंचावर दहा मिनिटं उभे राहून या.