रिकाम्या खोलीत शिवणकामाची जागा: मशीन सगळ्यात शेवटी ठेवा

मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेली की घरात एक खोली सुटते, आणि शिवणाची आवड असलेल्या बाईचा पहिला प्रश्न असतो, मशीन कुठे ठेवू? खरं तर मशीनचा विचार शेवटी करायचा असतो. साधा अस्तराचा ब्लाऊज घ्या. प्रत्यक्ष टीप मारण्यापेक्षा बेतणं, अस्तर जोडून घेणं, इस्त्री, हूक लावणं आणि उसवणं यांतच जास्त वेळ जातो. मशीनला लागते जेमतेम तीन फूट बाय दीड फूट जागा. बेतायला लागते तिच्या दुपटीहून अधिक, आणि तीच मिळत नाही म्हणून आपण पलंगावर कापड पसरून कंबर मोडून घेतो. तेव्हा खोली लावायची ती टेबल आणि इस्त्री धरून.

आधी खोली खरंच रिकामी करा

‘रिकामी’ खोली कधीच रिकामी नसते. गणपतीचं मखर, चाकं तुटलेल्या सुटकेसा, वर्षाच्या धान्याच्या कोठ्या, व्यायामाची सायकल हे सगळं तिथेच आलेलं असतं. एक भिंत सोडून बाकीचं मोकळं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पलंगाबद्दल माझं मत थोडं कठोर आहे. वर्षातून दोन वेळा येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोलीचा तिसरा हिस्सा बारा महिने अडवून ठेवणं परवडत नाही. एक गुंडाळायची गादी ठेवा. पलंग काढण्यावरून घरात वाद होणार असेल तर खण असलेला दिवाण चालेल, त्याच्या पोटात कापडं मावतात.

मग ठरवा की तुम्ही मुख्यतः काय शिवणार. ब्लाऊज, परकर, लहान मुलांचे कपडे असतील तर दहा बाय दहाची खोली ऐसपैस होते. पडदे, गोधड्या, नऊवारी शिवणार असाल तर कापड पसरायला जमिनीचाही मोकळा तुकडा राखावा लागेल.

सामान आणण्याआधी वीज

हे काम नंतर केलं तर सगळं फर्निचर पुन्हा सरकवावं लागतं. खोलीत किमान दोन वेगळे पॉइंट हवेत. घरगुती मशीनची मोटर साधारण १०० वॅटच्या आसपास असते, तिला ६ अँपियरचा साधा पॉइंट पुरतो. इस्त्रीचं तसं नाही. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, म्हणजे ६ अँपियरच्या पॉइंटवर फार तर १३८० वॅट चालतात. वाफेच्या बऱ्याच इस्त्र्या याच्या वर जातात. म्हणून इस्त्रीसाठी १६ अँपियरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तो टेबलाच्या उंचीवर घ्या, जमिनीलगत नको. एक्स्टेंशनची वायर चालण्याच्या वाटेवर आली की आज ना उद्या तिच्यात पाय अडकतो आणि तापलेली इस्त्री खाली येते.

दिव्यांबाबत एकच हट्ट धरा, पिवळा उजेड नको. पिवळ्या दिव्याखाली काळा आणि नेव्ही ब्लू दोरा सारखाच दिसतो, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी उन्हात. पांढऱ्या उजेडाची चार फुटी एलईडी ट्यूब टेबलाच्या वर घ्या आणि सुईजवळ एक वाकणारा छोटा दिवा. तरी दोऱ्याचा रंग कापडाशी जुळवायचा तो खिडकीपाशी जाऊनच.

बेतायचं टेबल

इथे पैसे आणि वेळ दोन्ही खर्च करा. मापं कापडाच्या पन्ह्यावरून, म्हणजे रुंदीवरून काढायची. ४४ इंच पन्ह्याचं कापड दुमडलं की २२ इंच होतं, ५८ इंची पन्हा दुमडला की २९. म्हणजे टेबलाची रुंदी ३० इंच असली की बाजारात मिळणारं बहुतेक कापड दुहेरी घडीत मावतं. लांबी ६० इंच असली तर गुडघ्याखालचा कुर्ता शिलाईची माया धरूनही एका दमात बेतता येतो. ब्लाऊजच्या खणाचा पन्हा मुळातच लहान असतो, त्याची चिंताच नाही.

उंची मात्र तयार टेबलात सहसा मिळत नाही. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. त्यावर उभ्याने अर्धा तास बेतलं तर कंबर धरते. सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला ही उंची ३४ इंचांच्या जवळपास येते, बऱ्याच घरांतल्या ओट्याइतकी. घरात डायनिंग टेबल पडून असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या. फक्त ठोकळ्यांना वरून खाच हवी, नाहीतर कापड ओढताना पाय घसरेल.

सुतार बोलवायचा नसेल तर स्वस्तातली युक्ती म्हणजे फ्लश डोअर. दरवाजाचा हा सपाट पल्ला लाकूड-प्लायवूडच्या दुकानात ७८ बाय ३० इंच अशा मापात मिळतो. कमी उंचीची दोन कपाटं दोन टोकांना ठेवून त्यांवर तो टाकला की टेबलही झालं आणि खाली खणही मिळाले. वर सनमायका लावायचा असेल तर फिक्या रंगाचा आणि मॅट घ्या. चकचकीत पृष्ठभागावर सिल्क आणि जॉर्जेट घसरत राहतं, शिवाय ट्यूबचा उजेड डोळ्यांवर परततो. कडेला मापाची एक जुनी टेप चिकटवून टाका. दर वेळी टेप शोधणं वाचतं.

टेबल खोलीच्या मधोमध ठेवायचा मोह होतो, पण लहान खोलीत ते जमत नाही. त्याची एक अरुंद बाजू भिंतीला लावा, उरलेल्या तीन बाजूंनी फिरता आलं की पुरे. फिरायला दोन-अडीच फूट सोडा. जागा फारच कमी असेल तर भिंतीला पियानो बिजागरीवर, म्हणजे लांब पट्टीसारख्या बिजागरीवर फळी लावून घ्या. काम झालं की खाली पडते आणि पाहुणे आले की गादी पसरता येते.

आता पंखा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पंख्याशिवाय उभं राहवत नाही आणि पंखा लावला की कागदी नमुने खोलीभर उडतात. टेबल छतावरच्या पंख्याच्या अगदी खाली घेऊ नका. जमलं तर भिंतीवरचा पंखा पाठीमागे लावा. कापडावर ठेवायला तराजूची जुनी वजनं उत्तम, प्रत्येक ठिकाणी टाचणी मारण्याचं काम वाचतं.

इस्त्री दोन पावलांवर

घरच्या शिवणात आणि शिंप्याच्या शिवणात जो फरक दिसतो, त्याचं मोठं कारण इस्त्री आहे. प्रत्येक जोड शिवला की लगेच शिवण उघडून दाबायची, मगच पुढचा तुकडा जोडायचा. पण इस्त्री दुसऱ्या खोलीत असेल तर आपण ‘शेवटी एकदमच करू’ म्हणतो, आणि खांदे व बाह्या फुगलेल्या राहतात. म्हणून ती मशीनवरून उठून दोन पावलांत पोचता येईल अशी हवी. घडीचं इस्त्री टेबल नसेल तर दोन फूट लांबीचा प्लायवूडचा तुकडा घ्या. त्यावर जुन्या घोंगडीच्या किंवा ब्लँकेटच्या दोन घड्या घालून वरून धुतलेली सुती चादर ताणून बांधा. सनमायकावर थेट गरम इस्त्री फिरवू नका, तो उकलतो. बाही आणि गळ्यासाठी लाकडाच्या भुशाने घट्ट भरलेली लांबट उशी शिवून ठेवा. नव्या खोलीतलं पहिलं शिवण म्हणून ती चांगली.

आता मशीन

मशीनचा हात, म्हणजे वरचा लोखंडी भाग, उजवीकडून येतो आणि सुई डावीकडे असते. उजवीकडून येणारा उजेड त्या हाताने अडतो. म्हणून खिडकी डाव्या हाताला येईल असं बसा, तुम्ही डावखुऱ्या असलात तरीही. ऊन थेट सुईवर येत असेल तर पातळ पडदा लावा.

डावीकडे दोन फूट तरी मोकळे ठेवा, म्हणजे शिवलेलं कापड टेकवता येईल. पडदा किंवा गोधडी खाली लोंबकळली की तिच्या वजनाने कापड ओढलं जातं, टीप वाकडी जाते आणि सुई मोडते. मागे भिंतीला अगदी चिकटवू नका, वीतभर जागा ठेवा, कारण कापड मागे सरकतं आणि भिंतीला अडून गोळा होतं. पायमशीन असेल तर उजवीकडे चाकाला आणि पट्टा चढवायला हात जाईल एवढं अंतर लागतं.

पायमशीन लाकडी फळीत बसवलेलं असतं, त्यामुळे हात सपाट टेकतात. पोर्टेबल मशीन टेबलाच्या वर बसतं, म्हणजे शिवायची पातळी आणखी दोन-तीन इंच उंचावते आणि खांदे वर ओढले जातात. त्याला २७ इंचांच्या आसपासचं बुटकं टेबल द्या, किंवा सुताराकडून फळीत खाच करून मशीन आत बसवून घ्या. खुर्ची बिनहाताची, बिनचाकांची. टाइल्सवर मोटरचं पॅडल पुढे पळतं, त्याच्याखाली पायपुसण्याखाली घालतात ती रबरी जाळी टाका. मशीनच्या पायांखालीही रबराचे तुकडे द्या, फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरचे दुपारची झोप घेत असतात.

कात्री, दोरे आणि पावसाळा

कापडाच्या कात्रीला लाल फीत बांधून खिळ्यावर टांगा, आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापायला वेगळी कात्री आणून ठेवा. दुसरी गोष्ट केली नाही तर पहिलीचा उपयोग नाही.

दोऱ्यांची रिळं भिंतीवर रंगीबेरंगी मांडलेली सुंदर दिसतात, पण उन्हाने दोरा विटतो आणि कुजतो. बंद डब्यात ठेवा. जुना दोरा वापरण्याआधी हाताने झटका देऊन पाहा, सहज तुटला तर टाकून द्या. सुयांचे नंबर वेगळे ठेवा: ११ नंबर पातळ कापडाला, १४ रोजच्या सुती कापडाला, १६ जीन्सला. मोडलेल्या सुया आणि वाकलेल्या टाचण्यांसाठी झाकणाची एक बाटली, आणि जमिनीवरून टाचण्या उचलायला लोहचुंबक. लेस, हूक, अस्तर पुण्यात तुळशीबागेत किंवा मुंबईत भुलेश्वरला मुबलक मिळतात, म्हणून एकदम वर्षभराचं आणू नका. जागा त्यातच जाते.

कोकणात आणि घाटावरही पावसाळ्यात ही खोली जास्त सांभाळावी लागते. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा. मशीनवर प्लास्टिकपेक्षा सुती खोळ घाला, प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते. आठवड्यातून एकदा दातेऱ्यांखालची, म्हणजे सुईखाली कापड सरकवणाऱ्या दातांखालची कापसाची किट्टी ब्रशने काढून शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडा. खोबरेल कधीच नको. २४ अंशांच्या खाली ते गोठू लागतं, आणि डिसेंबरात सकाळी मशीन जाम झालं की दोष मशीनला मिळतो. जरीचं कापड सुती फडक्यात गुंडाळा, डांबरगोळ्या त्याला लागू देऊ नका.

आरसा, आणि मग ड्रिल

पूर्ण उंचीचा आरसा लागत नाही. आपल्या उंचीच्या निम्मा आरसा, त्याची वरची कड डोळे आणि डोक्याच्या टोकाच्या मधोमध येईल असा उभा लावला की डोक्यापासून पायापर्यंत दिसतं. मात्र ब्लाऊजचा मागचा गळा पाहायचा तर दुसरा लहान आरसा हातात हवा.

भिंतीला भोकं पाडण्याची घाई करू नका. सगळं तात्पुरतं मांडून या खोलीत आधी एक परकर पूर्ण शिवा. बेतताना कोपर कुठे आपटतं, इस्त्रीकडे जाताना खुर्ची आडवी येते का, टेप आणि खडू ठेवायला हात आपोआप कुठे जातो ते बघा. हात जातो तिथेच फळी आणि खुंट्या हव्यात. पेन्सिलीने खुणा करा आणि मग सुताराला फोन लावा.