आल्फ्रेड राजाची कारकीर्द अजिंक्यताऱ्यावर कशी शिकवावी

दक्षिण इंग्लंडातील वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड (इ. स. ८७१ ते ८९९) शिकवताना लढायांच्या सनावळीत फार वेळ घालवू नये, असे माझे ठाम मत आहे. जानेवारी ८७८ मध्ये डेन, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या आक्रमकांचा, राजा गुथ्रम याने वेसेक्समधील चिपनहॅमवर अचानक झडप घातली, आल्फ्रेडला सॉमरसेटच्या दलदलीत आसरा घ्यावा लागला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात एडिंग्टनला त्याने गुथ्रमचा पराभव केला, एवढे सांगितले तरी पुरे.

खरे शिकवायचे ते पुढचे. आल्फ्रेडने राज्यभर तटबंदीची ठाणी उभारली. त्यांना बर्ह म्हणत. त्याचा मुलगा एडवर्ड याच्या काळातील एका यादीत कोणत्या ठाण्याला किती हाइड जमीन लावून दिली होती ते नोंदलेले आहे. हाइड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाचा चरितार्थ चालेल एवढी जमीन. हिशेब असा, की दर हाइडमागे एक माणूस आणि साडेपाच यार्ड, म्हणजे सुमारे पाच मीटर, तटाला चार माणसे.

साताऱ्यातील शिक्षकांनी पाच मीटरची दोरी घेऊन वर्ग अजिंक्यताऱ्यावर न्यावा. तटाच्या आतल्या बाजूला सपाट जागी दोरी अंथरावी आणि तिच्यावर चार विद्यार्थी समान अंतरावर उभे करावेत. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा मीटर येतो, हात पसरले तर शेजाऱ्याला लागतात. मग त्या यादीतील विंचेस्टर या ठाण्याचा आकडा द्यावा: २,४०० हाइड. त्याला चाराने भागून पाच मीटरने गुणले की तट सुमारे तीन किलोमीटर निघतो आणि तिथल्या जुन्या रोमन तटाची लांबी याच्या अगदी जवळ जाते. सगळ्याच ठाण्यांचे आकडे असे जुळत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

आपल्या गडावर हजेरी सबनीस ठेवी आणि कोठार कारखानीस सांभाळी, हे मुलांना ठाऊक असते. त्यामुळे तटावरच्या माणसाचे पोट कोणत्या जमिनीवर चालते, हा प्रश्न ती आपणहून विचारतात. मात्र बर्ह म्हणजे डोंगरी किल्ला असे समीकरण मांडू नये, कारण त्यांतील कित्येक ठाणी नांदती बाजारगावे झाली.

शेवटी ८९२ सालची घटना सांगावी. त्या वर्षी केंटमध्ये अर्धवट बांधलेले, मोजकेच शेतकरी असलेले एक ठाणे डेन सैन्याने जिंकले. हे सांगताना दोरीवरच्या चौघांपैकी तिघांना बाजूला घ्यावे आणि उरलेल्या एकाला पाचही मीटर राखायला सांगावे.